भाताचा वाडगा

आमच्या घरीं पितळेचें एक जुनें ताट आहे. त्याच्या कांठावर आमच्या आजीचें नांव आणि तें ताट घेतल्याचा शक बारीक ठोक्यांनीं कोरलेला आहे. लग्नामुंजींत आलेल्या भांड्यांवर नांव घालून घेण्याची ही चाल महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? आजी जाऊन कित्येक वर्षें लोटलीं. ताट तसेंच आहे, चिंचेनें घासलें कीं अक्षरें पुनः उजळतात. घराण्याची आठवण भांड्यांत सांठवावयाची ती अशीच, न फुटणाऱ्या धातूंत आणि नांवानिशीं, असें आम्ही लहानपणापासून धरून चाललों होतों. मातीच्या भांड्यास हा मान नव्हता. मातीचें भांडें उष्टें झालें कीं टाकावयाचें. चिनी मातीची म्हणून जी एकच वस्तु आमच्या स्वयंपाकघरांत सन्मानानें नांदली ती लोणच्याची बरणी. परंतु तिलाही पंक्तींत कधीं जागा मिळाली नाहीं, ती फडताळांतच राहिली.

आमची एक जुनी विद्यार्थिनी नोकरीच्या निमित्तानें कांहीं वर्षें जपानांत राहिली. परत येतांना तिनें आमच्यासाठीं मातीचा एक लहान वाडगा आणला. आम्हीं तो पुस्तकांच्या कपाटावर ठेवून त्यांत लेखण्या घातल्या. पुढें ती घरीं आली तेव्हां हें पाहून हंसली व म्हणाली, "सर, हा भाताचा वाडगा आहे. तुमचा म्हणून आणला होता, कोणाही पाहुण्याचा म्हणून नव्हे." आम्हीं वाडगा उलटासुलटा करून पाहिला. नांव कोठेंच नव्हतें. नांव नसतां तो 'आमचा' कसा, या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जपानी घरचें जेवण म्हणजे मुळांत भात, एक सार, दोन-तीन तोंडीं लावणीं आणि लोणचें. भाताचा वाडगा जेवणाराच्या डाव्या हातास, साराचा उजव्या हातास. सार लाखेच्या रोगणाच्या लाकडी वाटींत असतें, भात मात्र मातीच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यांत. चमचा नसतो. वाडगा डाव्या हातांत उचलून तोंडाजवळ न्यावयाचा आणि दोन काड्यांनीं भात खावयाचा. म्हणून त्याच्या बुडाशीं अरुंद कडें असतें. अंग गरम असलें तरी बोटें त्या कड्याखालीं ठेवून तो धरतां येतो. आमचें ताट जमिनीवर असतें, हात त्याच्याकडे जातो. तेथें भांडेंच हाताकडे येतें. दिवसांतून दोन-तीन वेळां, जन्मभर, एकच वस्तु तळहातावर घ्यावयाची असेल तर तिचें वजन, तिचा खडबडीतपणा, तिच्या कांठाची जाडी हीं सारीं हातास पाठ होतात. मग नांव कशास हवें?

शिवाय हा वाडगा ज्याचा त्याचा असतो. बापाचा मोठा, आईचा थोडा लहान, मुलाचा त्याहून लहान. घरांतलें दुसरें कोणीही त्यांत जेवत नाहीं. साहारा माकोतो या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें भांड्यांचे तीन वर्ग केले आहेत: सर्वांनीं मिळून वापरावयाचें, जेवतांना प्रत्येकापुढें निराळें ठेवावयाचें, आणि एकाच व्यक्तीशीं बांधलेलें. तिसऱ्या वर्गास त्यानें 'झोकुजिन्की' म्हटलें. भाताचा वाडगा व काड्या हीं या वर्गाचीं ठळक उदाहरणें होत. पूर्वीं अनेक घरांत प्रत्येकाची लांकडी पेटी असे. तींत त्याचीं भांडीं ठेवलेलीं असत, आणि पेटीचें झांकण उलटें ठेवलें कीं तोच त्याचा चौरंग होई. जेवण झालें कीं वाडग्यांत ऊन चहा ओतावयाचा, लोणच्याच्या फोडीनें आंतली बाजू पुसावयाची, तो चहा पिऊन टाकावयाचा आणि वाडगा पेटींत ठेवावयाचा. रोज घासण्याची गरज कोणास वाटत नसे. आमच्या सोंवळ्याच्या कल्पनेस हें मानवणार नाहीं. परंतु दुसऱ्याच्या उष्ट्याचा संसर्ग टाळण्याचा हेतु दोन्हीकडे सारखाच दिसतो, मार्ग मात्र अगदीं निराळे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या पेट्या जाऊन सर्व कुटुंबानें भोंवतीं बसावयाचें घडीच्या पायांचें बुटकें मेज आलें. घरांतल्या माणसांचे बसण्याचे क्रम बदलले, बोलणें वाढलें. वाडगा तेवढा ज्याचा त्याचाच राहिला.

माणूस मेला म्हणजे या वाडग्याचें काय होतें? प्रेताच्या उशाशीं त्याच्याच वाडग्यांत शिगोशीग भात भरून त्यांत त्याच्याच काड्या उभ्या खोंचून ठेवतात. म्हणूनच एरवीं जेवतांना भातांत काड्या उभ्या रोंवणें हा मोठा अपशकुन समजला जातो. पुढें शवपेटी घराबाहेर निघतांना तो वाडगा दारांत आपटून फोडण्याची चाल जपानच्या पुष्कळ भागांत होती. आतां ती मागें पडत चालली आहे. फोडण्याचा अर्थ असा सांगतात कीं, तुझें येथलें जेवण संपलें, आतां परत येऊं नकोस. स्मशानांत खांद्यावरचें मडकें फोडणाऱ्या आम्हां लोकांस हें निराळें समजावून सांगावयास नको. फरक इतकाच कीं आमचें मडकें त्याच दिवशीं बाजारांतून आणलेलें असतें. त्यांचा वाडगा मृताच्या हातांत वर्षानुवर्षें फिरलेला असतो. पितळेच्या ताटावरची आठवण टिकते ती धातु फुटत नाहीं म्हणून. येथें आठवणीचा शेवटचा मान भांडें फोडण्यानें होतो.

हें सारें ऐकून हा वाडगा जपानांत अनादि कालापासून आहे असा कोणाचा समज होईल. तसें नाहीं. सामान्य शेतकरी शतकानुशतकें लाकडी वाटींत जेवत असे. भाताच्या वाडग्यास आजही 'चावान', म्हणजे चहाचा वाडगा, हाच शब्द लागतो. कारण झिलईच्या मातीचा वाडगा आधीं चहाबरोबर आला आणि भातास मागाहून मिळाला. तो घरोघर कसा पोंचला याची कथा मात्र घरगुती नाहीं, ती एका लढाईची आहे.

१५९२ मध्यें तोयोतोमी हिदेयोशीनें कोरियावर स्वारी केली. सहा वर्षें तें युद्ध चाललें आणि १५९८ मध्यें हिदेयोशी वारल्यावर जपानी फौजा परतल्या. परततांना निरनिराळ्या सरदारांनीं कोरियन कुंभार, त्यांचीं बायकामुलें, पकडून बरोबर आणलीं. चहाच्या विधीचें वेड तेव्हां जपानी सरदारवर्गास इतकें लागलें होतें कीं, चांगला कोरियन वाडगा म्हणजे मुलखाइतकी मोलाची वस्तु. जपानी इतिहासकार या स्वारीस कधीं कधीं 'कुंभारकामाची लढाई' म्हणतात. हें नांव आम्हांस थोडें गोड वाटतें. ज्या स्वारींत गांवेंच्या गांवें उजाड झालीं तिला कलेचें नांव देणें ही विजेत्याची सोय आहे.

नाबेशिमा सरदारानें आणलेल्यांपैकीं यी साम-प्योंग यास क्यूशू बेटावरील आरिता येथें इझुमियामाच्या डोंगरांत चिनी मातीचा दगड सांपडला, आणि १६१६ च्या सुमारास जपानांतलें पहिलें पोर्सेलीन भाजलें गेलें, अशी परंपरा आहे. आरितांत १९१७ मध्यें त्याचें स्मारक उभारण्यांत आलें. शिमाझू सरदारानें आणलेले कुंभार सात्सुमा प्रांताच्या किनाऱ्यास उतरले व पुढें नाएशिरोगावा या गांवीं वसले. त्या गांवास आतां मियामा म्हणतात. या वस्तीचा इतिहास विलक्षण आहे. सात्सुमाच्या राज्यकर्त्यांनीं त्यांस संरक्षण दिलें, आणि त्याबरोबर कोरियन नांवें, पोषाख व भाषा सोडूं नयेत असा निर्बंधही घातला. ज्यांस घरापासून तोडून आणलें त्यांसच घर न विसरण्याचा हुकूम! आठवण ठेवणें हा त्यांचा हक्क होता कीं त्यांजवर लादलेली वेठ होती, हें आज कोणी सांगावें? धन्यासाठीं ते पांढरीं भांडीं करीत. सामान्य जनांसाठीं काळीं. रांजण, मद्य तापविण्याच्या किटल्या आणि आंतून रेघा पाडलेला तो मातीचा खल, ज्यांत जपानी गृहिणी तीळ वांटते. त्या खलाचें काम आमच्या पाट्यावरवंट्यापेक्षां कमी नाहीं.

त्या पहिल्या पिढीच्या कांहीं वाडग्यांस 'हिबाकारी' असें नांव पडलें आहे. त्याचा अर्थ 'केवळ अग्नि'. माती कोरियाहून आणलेली, झिलई कोरियाची, हात कोरियन. जपानचा काय तो भट्टींतला अग्नि. या एका शब्दांत जेवढें आहे तेवढें आम्हांस त्या युद्धावरील मोठमोठ्या ग्रंथांत मिळालें नाहीं.

गांवाजवळच्या टेकडीवर त्यांनीं आपल्या राष्ट्राचा आदिपुरुष दान्गुन याचें देवस्थान केलें. त्याच्या नैवेद्यास तांदळाचें पीठ आणि अझुकी नांवाचें तांबूस कडधान्य मिसळून वाफवलेली वडी असे. तिला 'कोरियाची वडी' म्हणत. कालांतरानें ती वडी गांवाबाहेर पडली आणि कागोशिमाच्या मिठायांत जाऊन बसली. आज ती खाणारा बहुधा ती आपल्याच प्रांताची समजून खातो. पाककृतीची गत अशीच असते. भाषा तीन-चार पिढ्यांत क्षीण होते, पोषाख सणापुरता उरतो, जिभेची संवय मात्र यजमानाच्याही घरांत शिरते. याच वस्तींत १८८२ मध्यें बोकू आडनांवाच्या एका घरांत मुलगा जन्मास आला. त्याचा बाप भांड्यांचा व्यापार करी. मूल चार वर्षांचें असतां बापानें तोगो हें जपानी आडनांव घेतलें. १९४१ मध्यें जपाननें अमेरिकेशीं युद्ध पुकारलें त्या वेळचा परराष्ट्रमंत्री तोगो शिगेनोरी तो हाच. इतिहासाच्या असल्या वळणांवर भाष्य न केलेलेंच बरें. त्या गांवांतल्या शिम घराण्यानें मात्र आपलें कोरियन आडनांव आजतागायत ठेविलें आहे. पिढ्यान् पिढ्या घराण्याचा प्रमुख शिम सु-ग्वान याच नांवानें काम करतो. येऊन चारशें वर्षें झालीं त्या निमित्तानें १९९८ मध्यें कोरियांतील नामवोन येथून, म्हणजे पूर्वज जेथून पकडले गेले त्या भागांतून, समुद्रमार्गें अग्नि आणून या गांवीं ठेवण्यांत आला. 'हिबाकारी' या शब्दाचा हिशेब अशा रीतीनें उलट बाजूनें चुकता झाला.

पोर्सेलीन आधीं सरदारांचें व परदेशी निर्यातीचें. तें गरिबाच्या भातापर्यंत आलें अठराव्या शतकांत, आणि तेंही एका उर्मट आरोळीच्या नांवानें. क्योतो व ओसाका यांमधील योदो नदींतून प्रवासी होड्या जात. हिराकाता गांवापाशीं खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान नावा त्यांस येऊन भिडत, आणि नावाडी ओरडत, "खाणार नाहीं काय रे?" गिऱ्हाइकास एवढ्या अरेरावीनें हांक मारणें त्या देशांत नवल, म्हणून ती हांक, 'कुरावांका', प्रसिद्धि पावली. त्या नावांवर वापरीत ते जाड, बसक्या बुडाचे, होडी हलली तरी न कलंडणारे वाडगेही त्याच नांवानें ओळखले जातात. क्यूशूंतील हासामी येथें ते ढिगांनीं भाजले जात. त्यांवर निळ्या रंगाचे दोन-चार फटकारे असत, एखादें पान किंवा एखादी वेल. आरितेच्या कुंभारांचें रहस्य अशा रीतीनें सामान्य माणसाच्या तळहातावर आलें.

या साध्या भांड्यांचें सौंदर्य प्रथम जगाच्या नजरेस आणून दिलें तें यानागी सोएत्सू यानें. १९२५ च्या सुमारास त्यानें व त्याच्या कुंभार मित्रांनीं, हामादा शोजी व कावाई कांजिरो यांनीं, 'मिंगेई', म्हणजे लोकांची कला, हा शब्द बनविला. १९३६ मध्यें तोक्योंत तिचें संग्रहालय उघडलें. क्योतोंतील दाइतोकुजी मठाच्या एका शाखेंत 'किझाएमोन' नांवाचा एक कोरियन वाडगा आहे. चहाच्या वाडग्यांत हा सर्वश्रेष्ठ मानला जातो, आणि १९५१ पासून तो जपानचें राष्ट्रीय धन आहे. ज्या मालकाकडे तो जाईल त्यास गळवें होतात अशी त्याची ख्याति. त्या भयानेंच तो शेवटीं मठांत आला असें सांगतात. पेटींतल्या पेटींतून तो बाहेर काढून यानागीस दाखविण्यांत आला तेव्हां त्याच्या मनांत आलें कीं, हा तर कोण्या गरीब कोरियन माणसाचा भाताचा वाडगा! कुंभारानें तो सौंदर्याचा विचार न करतां केला, म्हणूनच तो सुंदर झाला, असें त्याचें मत. हा वाडगा खरोखर भाताचा होता कीं पूजेंतला, याविषयीं अलीकडचे अभ्यासक शंका घेतात. परंतु आमचा आक्षेप निराळा आहे. यानागीनें कोरियन जनतेची बाजू जपानी सत्तेपुढें धैर्यानें मांडली. १९२२ मध्यें सेऊलचा ग्वांगह्वामून दरवाजा पाडण्याचें घाटत असतां त्यानें निषेध लिहिला, १९२४ मध्यें तेथें कोरियन लोककलेचें संग्रहालय स्थापिलें. त्याच्या मनाच्या सच्चेपणाविषयीं वाद नाहीं. तथापि अनाम कुंभारास 'निरागस' म्हणून गौरवितांना त्याचें नांव कां उरलें नाहीं हें विचारावयाचें राहून जातें. कांहीं नांवें काळानें पुसलीं. कांहीं, माणूस पकडून आणला तेव्हांच, मालाच्या यादींत बुडालीं. या दोहोंस एकच 'अनामता' म्हणणें आम्हांस पटत नाहीं. कोरियन टीकाकारांनींही यानागीच्या 'दुःखाच्या सौंदर्या'वर पुढें बरेंच कोरडे ओढले आहेत, ते सर्वस्वीं अन्यायाचे नाहींत.

अनाम हात कसा काम करतो हें पाहावयाचें असेल तर माशिकोस जावें. तोक्योच्या उत्तरेस असलेल्या या गांवीं १८५३ मध्यें कुंभारकाम सुरू झालें, आणि राजधानीच्या स्वयंपाकघरांस तें रांजण, खल व चहाच्या किटल्या पुरवूं लागलें. तेथें मिनागावा मासु (१८७४–१९६०) नांवाची बाई किटल्यांवर देखावे काढीत असे. डोंगर, पाणी, एक झोंपडी, एक होडी. दिवसाला पांचशें, कधीं हजार किटल्या तिच्या कुंचल्याखालून जात. हा देखावा कोठला, असें विचारण्यांत अर्थ नाहीं. तो हजारों घरांच्या चुलीवरचा आहे. त्या घरांतल्या मुलांनीं डोंगर प्रथम पाहिला तो बहुधा किटलीवर. मासुचें नांव आज आम्हांस ठाऊक आहे तें हामादा १९२४ मध्यें इंग्लंडहून परतल्यावर त्या गांवीं राहिला आणि त्याच्यामागून पाहणारे, लिहिणारे तेथें आले म्हणून. ते आले नसते तर किटल्या तेवढ्याच निघाल्या असत्या.

माशिकोचीच आणखी एक गोष्ट. १९५८ पासून योकोकावा स्टेशनवर आगगाडीच्या प्रवाशांस माशिकोच्या लहान मातीच्या हंडींत शिजवलेला भात विकूं लागले. भात संपला कीं हंडी टाकून द्यावी अशी ती वस्तु. लोक ती टाकीनात. घरीं नेऊन तींत एकट्यापुरता भात शिजवूं लागले. कित्येक घरांच्या फडताळांत अशा दोन-चार हंड्या असतात, आणि कोणत्या प्रवासाची कोणती हें घरच्या मंडळीस सांगतां येतें म्हणे.

शेवटीं एका अशा माणसाविषयीं, ज्यास घरच नव्हतें. किताओजी रोसांजिन १८८३ मध्यें क्योतोजवळ जन्मला. बाप त्याच्या जन्मापूर्वींच गेलेला. आईनें त्यास दुसऱ्यांच्या हवालीं केलें. मग या घरून त्या घरीं. सहाव्या वर्षीं ज्या घरीं तो स्थिरावला तेथें आपण नकोसे होऊं नये म्हणून त्या मुलानें भात शिजविण्याचें काम आपण होऊन अंगावर घेतलें. हलके तांदूळ आणून त्यांचाही भात गोड कसा लागेल याचा त्यास ध्यास लागला. पुढें हाच माणूस जपानचा नामांकित पाककोविद झाला. १९२५ मध्यें तोक्योंत त्यानें श्रीमंतांसाठीं भोजनगृह काढलें. मनाजोगीं भांडीं मिळेनात म्हणून कामाकुराजवळ स्वतःची भट्टी बांधली, आणि चाळिशी उलटल्यावर कुंभार झाला. भांडें हें अन्नाचें वस्त्र आहे, असें तो म्हणे. स्वभावानें तो इतका तिखट होता कीं १९३६ मध्यें त्याच्याच भोजनगृहांतून त्यास काढून टाकण्यांत आलें. १९५५ मध्यें सरकारनें देऊं केलेला राष्ट्रीय कलावंताचा बहुमान त्यानें नाकारला. त्याची अनेक लग्नें झालीं व मोडलीं. त्याचीं पात्रें आज संग्रहालयांत कांचेआड आहेत. पण त्यांत भाजी, मासा, भात वाढल्यावांचून तीं अपुरीं दिसतात, असें जाणकार सांगतात, आणि तें खरें असावें. परक्या चुलीपाशीं भाताला फेस कधीं येतो हें पाहात बसलेलें तें सहा वर्षांचें मूल त्या थाळ्यांतून अजून कोणी वाढावें याची वाट पाहात आहे, असें आम्हांस तरी वाटतें. दुसऱ्यांस वारशानें जी पंक्ति मिळाली ती यानें मातींतून स्वतःपुरती घडविली.

आमच्या वाडग्यांतल्या लेखण्या आम्हीं आतां एका डब्यांत घातल्या आहेत. गेल्या पंधरवड्यापासून आम्ही रात्रीं वरणभात त्यांतच घेतों. काड्या आम्हांस साधत नाहींत, हातानेंच खातों, आणि वाडगा डाव्या हातांत धरावयाचा कीं जमिनीवर ठेवावयाचा याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. घरांत यावर थोडी थट्टा होते. परवां धाकट्या नातवानें त्यांत स्वतःसाठीं दूध मागितलें, तेव्हां त्याची आजी आंतून म्हणाली, "नको रे, तो आजोबांचा आहे."